‘जतन झालें’ याचा अर्थ काय?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं श्रोत्यांस वाटेल कीं, हा संगणकाच्या कारागिरांचा प्रांत आहे. घरगुती माणसाला त्याचें काय काम? परंतु ज्या घरांत मुलीच्या लग्नाचा जमाखर्च, सोसायटीचीं देणीं, वडिलांचे वैद्यकीय अहवाल आणि नातवंडांचीं छायाचित्रें एका लहानशा पेटींतील तबकडीवर ठेवलेलीं आहेत, त्या घराला त्या पेटीची एक संवय माहीत असणें अगत्याचें आहे. ती संवय अशी कीं, ‘जतन झालें’ असें यंत्र आपल्याला सांगतें, तेव्हां तें बहुधा झालेलें नसतें, व्हावयाचें असतें.

यंत्र खोटें बोलतें असा माझा आरोप नाहीं. तें वचन देतें, आणि शंभरांत नव्याण्णव वेळां तें पाळतेंहि. पण वचन आणि वस्तुस्थिति यांच्यामध्यें कांहीं सेकंदांचें अंतर असतें. नेमक्या त्या सेकंदांत वीज गेली तर काय होतें, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

मी राहतों तो कर्जत तालुका आणि शेजारचा खालापूर तालुका हे विजेच्या बाबतींत मोठे चमत्कारिक आहेत. खालापूर तालुक्यांत खोपोली येथें टाटांचें जलविद्युत्-केंद्र १९१५ सालीं सुरू झालें. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांचें पाणी खंडाळ्याच्या माथ्यावरून मोठ्या नळांतून सुमारें १७०० फूट खालीं येतें व चक्रें फिरवितें. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पुढें १९२२ सालीं आमच्या कर्जत तालुक्यांत भिवपुरी येथें दुसरें केंद्र निघालें. म्हणजे येथें शंभराहून अधिक वर्षें वीज तयार होत आहे. आणि तरीहि मृगाचा पहिला पाऊस वाऱ्यासह आला, कीं एखादी फांदी तारेवर पडून आमच्याच गांवांतील दिवे जातात. डोंगराच्या पायथ्याशीं हें असेंच चालावयाचें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलें, तेव्हां जिल्ह्यांत कित्येक गांवीं अनेक दिवस वीज नव्हती. मुंबईच्या श्रोत्यांनीं मात्र आम्हांला हसूं नये. त्याच वर्षीं १२ ऑक्टोबरला सकाळीं मुंबईचीहि वीज गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या होत्या.

खालापूर तालुक्यांतील एका भातगिरणींत घडलेली हकीकत सांगतों. गिरणीचा हिशेब पूर्वीं लाल कापडाच्या वह्यांत असे. तो संगणकावर आला, तेव्हां तेथील दिवाणजींनीं साठी जवळ आली असतां हें नवें काम शिकून घेतलें. एकदां आषाढांत, लावणीच्या दिवसांत, शेतकऱ्यांना दिलेल्या उचलीची यादी त्यांनीं दुपारभर बसून पुरी केली, जतन करण्याची आज्ञा दिली, पडद्यावरील खूण पाहिली आणि ते पाणी प्यावयास उठले. तेवढ्यांत वीज गेली. ती परत आल्यावर यादीची फाइल जाग्यावर होती, पण उघडेना. धाकटे शेठ म्हणाले, “दिवाणजी, तुम्ही सेव्ह करायला विसरलांत.” दिवाणजी म्हणाले, “नाहीं शेठ, मीं बटन दाबलें, आणि पडद्यावर पाहूनच उठलों.” दुरुस्तीस आलेल्या मुलानें विषाणूचें नांव घेतलें. उघड आरोप कोणींच केला नाहीं. पण उचलीच्या रकमा रोखीच्या होत्या, यादी एकच होती, आणि तीस वर्षांच्या विश्वासू माणसाकडे गिरणींतले लोक निराळ्याच नजरेनें पाहूं लागले.

दिवाणजींचा माझा जुना स्नेह. म्हणून मी तेथें गेलों. ती फाइल दुसऱ्या एका साध्या प्रोग्रॅममध्यें उघडून पाहिली, तों आंत पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यें. अक्षर एक नाहीं. परंतु तिचें माप? आदल्या दिवसाची प्रत पेन ड्राइव्हवर होती. तिच्यापेक्षां ही फाइल मोठी होती. एका दुपारच्या मजकुरानें वाढावी तितकीच मोठी. मीं धाकट्या शेठना सांगितलें कीं, हीं शून्यें म्हणजेच दिवाणजींची साक्ष आहे. ते विसरले असते, तर येथें कालचीच यादी, कालच्याच मापाची, जशीच्या तशी सांपडली असती. हें अनुमान कशावरून काढलें, तें समजण्यासाठीं तबकडीकडे वळलें पाहिजे.

हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या चकचकीत तबकड्यांची बंद पेटी. आय. बी. एम्. कंपनीनें १९५६ सालीं असें पहिलें यंत्र बाजारांत आणलें. त्यांत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि सर्व मिळून ५० लक्ष अक्षरें मावत. आज तळहातावर राहणाऱ्या पेटींत त्याच्या लक्षावधि पट मजकूर राहतो. वेग मात्र त्या प्रमाणांत वाढला नाहीं, कारण येथें खरोखरीची वस्तु खरोखर फिरावी लागते. घरगुती डिस्कची तबकडी मिनिटाला बहुधा ५४०० किंवा ७२०० फेरे करते. ७२०० म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्यास सुमारें ८ सहस्रांश सेकंद. लिहिणारा दांडा योग्य वर्तुळावर नेण्यास साधारण तितकाच वेळ आणखी जातो, आणि मग हवी ती जागा फिरत फिरत त्याच्याखालीं यावी लागते. आपल्याला हें क्षणार्धासारखें वाटेल. पण संगणकाची तात्पुरती स्मृति असेंच काम सेकंदाच्या एक कोटीव्या भागांत उरकते. स्मृतीला एक सेकंद लागतो असें मानलें, तर तबकडीला एक दिवस आणि वर आठ-दहा तास लागतील. प्रत्येक अक्षरासाठीं संगणक जर तबकडीची वाट पाहत बसला, तर आपण सर्वजण पुन्हां बोरूकडे वळूं.

म्हणून मध्यें एक पडवी बांधली आहे. आमच्याकडे भात झोडून झालें, कीं पोतीं लगेच कणगींत जात नाहींत. गाडीवान तीं पडवींत उतरवितो, “मिळालीं” असा घरांतून आवाज येतो, आणि तो बैल वळवून दुसऱ्या खेपेला जातो. घरचीं माणसें मग सवडीनें पोतीं आंत नेऊन कणगींत रितीं करतात. गाडीवानाचा वेळ वांचला, आंतल्या माणसांनाहि काम सोईनें करतां आलें. “मिळालीं” हा शब्द खराच होता; फक्त पोतीं पडवींत होतीं, आणि पडवीला दार नसतें.

संगणकाच्या या पडवीला इंग्रजींत ‘कॅश’ म्हणतात. हा रोकड या अर्थाचा शब्द नव्हे. तो फ्रेंचांच्या लपवून ठेवणें या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला आहे, आणि त्याचें स्पेलिंगहि निराळें. आमच्या दिवाणजींना तो पहिल्यानें ऐकून फार आनंद झाला होता, तो गैरसमजामुळें!

पडव्या एक नव्हे, दोन आहेत, आणि येथेंच बहुतेकांचा घोटाळा होतो. पहिली पडवी संगणकाच्या स्वतःच्या स्मृतींत असते व तिच्यावर विंडोज, लिनक्स यांसारख्या कारभारी प्रणालीची देखरेख असते. लिनक्समध्यें नेहमींची रीत अशी कीं, दर ५ सेकंदांनीं पडवीकडे एक नजर टाकावी, आणि जो मजकूर तेथें ३० सेकंद पडून आहे तो आंत धाडावा. अर्धें मिनिट हा वीज जाण्यास पुरेसा अवकाश आहे. दुसरी पडवी खुद्द डिस्कच्या पेटींत असते. तिच्यांत एक लहानशी स्मृति बसविलेली असते, ८ पासून २५६ मेगाबाइटपर्यंत. मजकूर तेथें पोंचला, कीं डिस्क संगणकाला “लिहिलें” म्हणून कळविते, आणि प्रत्यक्ष तबकडीवर नंतर लिहिते. दोन्ही पडव्यांतील स्मृति विजेवर जगते. वीज गेली, कीं ती पाटी पुसल्यासारखी कोरी होते.

पुष्कळ सावध माणसें जतन केल्यावर फाइल लगेच पुन्हां उघडून पाहतात, आणि मजकूर दिसला म्हणजे निश्चिंत होतात. या परीक्षेला कांहीं अर्थ नाहीं. यंत्र तो मजकूर पडवींतूनच दाखवितें. तें कणगीपर्यंत जात देखील नाहीं.

एवढ्यावरच भागतें तर मागचें अर्धें मिनिट गेलें असें समजून आपण पुढें चाललों असतों. परंतु पडवींतील माल ज्या क्रमानें आला त्या क्रमानें आंत जात नाहीं. नेरळचा टपालवाला थैलींतलीं पत्रें आलेल्या क्रमानें वाटीत नाहीं. आळीवार लावून घेतो, म्हणजे एकाच आळींत दोनदां जावें लागत नाहीं. डिस्कहि असेंच करते, आणि त्यायोगें दांड्याची धांवपळ पुष्कळ वांचते. आतां फाइल जतन करणें हें एक काम दिसलें, तरी तीं तीन कामें असतात: मजकूर एका ठिकाणीं लिहावयाचा, ती जागा भरली अशी नोंद करावयाची, आणि फाइलीच्या नांवापुढें तिचा पत्ता व माप बदलावयाचें. यांतलें तिसरें काम आधीं झालें आणि पहिलें व्हावयाच्या आंत वीज गेली, तर नांवापुढें पत्ता आहे, पण त्या पत्त्यावर घरच नाहीं!

१९७७ सालापासून चालत आलेल्या ‘फॅट’ नांवाच्या जुन्या मांडणींत या संकटावर उपाय नव्हता. वीज गेली, कीं पुढच्या वेळीं सगळी डिस्क तपासावयाची आणि तुटलेलीं टोकें गोळा करावयाचीं. आमच्या पेढ्यांवरील मंडळींना मात्र याचा उपाय फार पूर्वींपासून माहीत होता. व्यवहार प्रथम रोजकीर्दींत, नंतर खतावणींत. खतावणी अर्धी राहिली, तरी दुसऱ्या दिवशीं रोजकीर्द पाहून ती पुरी करतां येते. आणि रोजकीर्दींतली नोंदच अपुरी असली, तर तो व्यवहार झालाच नाहीं असें धरावयाचें. रोजकीर्दीला इंग्रजींत जर्नल म्हणतात, आणि संगणकशास्त्रज्ञांनीं युक्तीबरोबर हें नांवहि उचललें. विंडोजच्या ‘एन्-टी-एफ्-एस्’ मांडणींत ती १९९३ पासून आहे. लिनक्सच्या ‘एक्स्ट-३’ मांडणीबरोबर ती २००१ सालीं तेथेंहि आली. वीज गेल्यावर आजचा संगणक तासभर तपासणी न करतां चटकन् उभा राहतो, तो या रोजकीर्दीमुळें.

पण येथें एक मेख आहे, आणि गिरणींतली शून्यें तिच्यांतूनच निघालीं. ही रोजकीर्द सर्वसाधारणपणें मजकुराची नसते. नांव, पत्ता, माप एवढ्याचीच असते. मजकूरहि दोनदां लिहावयाचा तर काम फार मंद होईल, म्हणून ही काटकसर. अर्थात् रोजकीर्द डिस्कची व्यवस्था सांभाळते. तुमचीं अक्षरें सांभाळतेच असें नाहीं. दिवाणजींच्या फाइलीचें नवें माप रोजकीर्दींत चढलें व सुरक्षित राहिलें. त्या मापांत भरावयाचा मजकूर अजून पडवींत होता. वीज परत आल्यावर यंत्रानें रोजकीर्द वाचून माप खरें केलें, आणि जेथें कधीं कांहीं लिहिलेंच गेलें नाहीं ती जागा शून्यांनीं दाखविली. न जतन केलेल्या फाइलीला नवें माप येणार कोठून?

हा दोष एकट्या विंडोजचा नव्हे. २००९ सालीं लिनक्सच्या नव्या ‘एक्स्ट-४’ मांडणीविषयीं अशाच तक्रारी आल्या. संगणक अकस्मात् बंद पडल्यावर नुकत्याच जतन केलेल्या फाइली शून्य मापाच्या सांपडत. जागा ठरविण्याचें काम ही मांडणी शक्य तितकें पुढें ढकलीत असे, आणि वेग वाढविण्याच्या दृष्टीनें तें योग्यच होतें. मांडणीचे एक प्रमुख कर्ते थिओडोर त्सो यांचें म्हणणें असें पडलें कीं, ज्या प्रोग्रॅमला मजकूर खरोखर तबकडीवर हवा, त्यानें तसें स्पष्ट मागितलें पाहिजे. न मागतां मिळत होतें तो पूर्वीच्या मांडणीचा योगायोग होता. तरीहि नेहमींच्या प्रसंगांपुरती सोय त्यांनीं पुढें करून दिली. वादांत दोन्ही पक्ष आपापल्या परी बरोबर होते असें माझें मत आहे. पण असल्या वादाचा खर्च नेहमीं तिसऱ्याच्याच खात्यावर पडतो.

‘स्पष्ट मागणें’ म्हणजे काय, तें सांगतों. प्रोग्रॅमला प्रणालीकडे पोंच मागतां येते: “हा मजकूर दोन्ही पडव्या ओलांडून तबकडीवर गेल्याशिवाय मला उत्तर देऊं नको.” या मागणीला ‘एफ्-सिंक’ म्हणतात. ती आली म्हणजे प्रणाली आपली पडवी रिकामी करते, आणि डिस्कलाहि तिची पडवी रिकामी करण्याचा हुकूम सोडते. हिशेबाचीं आणि पेढ्यांचीं माहितीगारें प्रत्येक व्यवहारास अशी पोंच घेतात, म्हणून तीं थोडीं सावकाश चालतात, आणि तें सावकाश चालणें आपण गोड मानून घ्यावें. पोंचेचेहि प्रकार आहेत. ॲपलच्या संगणकावर साधी एफ्-सिंक डिस्कच्या पडवीपर्यंतच जाते. तबकडीपर्यंतची पोंच हवी तर निराळी, अधिक कडक मागणी करावी लागते. कांहीं डिस्का आणि बाहेरून जोडावयाच्या कांहीं पेट्या तर हुकूम ऐकल्यासारखें करून पडवी तशीच ठेवतात. खरें उत्तर कोणालाच नको असतें असें नाहीं. पण वेगाच्या जाहिरातींत तें बसत नाहीं.

आतां घरांत काय करावें?

पेन ड्राइव्हवर बहुधा ती जुनी फॅट किंवा तिची धाकटी बहीण एक्सफॅट असते, आणि दोघींजवळ रोजकीर्द नाहीं. विंडोजनें २०१८ च्या शरदांतील आवृत्तीपासून अशा वस्तूंसाठीं आपली पडवी सामान्यतः मिटून ठेवली आहे. तरी काढण्यापूर्वीं ‘सुरक्षितपणें काढा’ ही आज्ञा द्यावी. ती केवळ उपचार नाहीं. लिनक्सवर व ॲपलवर तर तिच्यावांचून काढणें म्हणजे गाडी थांबण्यापूर्वीं उतरणें आहे.

विंडोजमध्यें डिस्कच्या धोरणांच्या पानावर दोन चौकटी असतात. पहिली डिस्कच्या पडवीचा उपयोग करण्याविषयींची. ती असूं द्यावी. दुसरी पडवी रिकामी करण्याचा हुकूमच बंद करण्याविषयींची. “ही खूण करा, संगणक पळूं लागेल,” असा सल्ला देणारे तज्ज्ञ प्रत्येक आळींत एक असतात. त्या खुणेनें पोंच मागण्याची वाटच बुजते. रोजकीर्दहि मग भरंवशाची राहत नाहीं. ती चौकट मोकळी असूं द्यावी.

तबकड्यांऐवजीं चिपांची नवी डिस्क, ज्यांना एस्-एस्-डी म्हणतात, ती घेतली म्हणजे हा प्रश्न मिटला असें कित्येकांना वाटतें. तिच्यांत फिरणारें कांहीं नाहीं हें खरें. पण पडवी आहे, आणि कोणता मजकूर कोणत्या चिपेंत ठेवला याचा नकाशाहि आहे. वीज चुकीच्या क्षणीं गेली, तर आजच्याबरोबर कालच्याहि मजकुराला धक्का लागूं शकतो. मोठ्या कचेऱ्यांसाठीं बनविलेल्या डिस्कांत म्हणूनच विजेचा लहानसा सांठा ठेवलेला असतो, जेणेंकरून शेवटच्या क्षणीं पडवी रिकामी करतां यावी. घरगुती डिस्कांत बहुधा तो नसतो.

मांडीवरच्या संगणकाला आणि मोबाइलला स्वतःची बॅटरी असते, तोच त्यांचा तरणोपाय. टेबलावरच्या संगणकाला यूपीएस हवा. तो सिनेमा पुरा पाहण्यासाठीं नव्हे. फाइल मिटून यंत्र रीतसर बंद करण्यास पांच मिनिटें मिळाली, कीं त्याचें काम झालें. घरांत दिव्यांसाठीं इन्व्हर्टर आहे तेवढा पुरे, असें धरूं नये. वीज गेल्यावर संगणकाचा वीजपुरवठा करणारा भाग सुमारें १६ सहस्रांश सेकंदच दम धरतो, आणि पंख्यांसाठीं लावलेला इन्व्हर्टर तेवढ्यांत जागा होईलच असें नाहीं. कांहीं इन्व्हर्टरांवर यूपीएस असा निराळा खटका असतो; तो त्या बाजूस आहे ना, तें पाहावें.

यूपीएसनेंहि फक्त विजेपासून रक्षण होतें. चोर, आग किंवा उल्हासेचा पूर यांच्यापासून नव्हे. तेव्हां दिवसाचें काम आटोपल्यावर तारखेचें नांव देऊन दुसरी प्रत करावी, आणि ती दुसऱ्या छपराखालीं ठेवावी. गिरणीची यादी उभी राहिली ती आदल्या दिवसाच्या प्रतीवरून, आणि दिवाणजींच्या खिशांतील चिठोऱ्यांवरून. सर्व रकमा जुळल्या.

यूपीएसची परीक्षा मात्र पाऊस लागण्यापूर्वीं, मे महिन्यांत, करून ठेवावी. एखादी बिनमहत्त्वाची फाइल उघडून भिंतींतली पिन काढावी आणि घड्याळ पाहावें. किती मिनिटें मिळालीं तो आंकडा कागदावर लिहून यंत्राच्या पाठीला चिकटवावा. पुढच्या मे महिन्यांत तो निम्म्यावर आला असेल, तर मृग लागण्याच्या आंत बॅटरी बदलून घ्यावी.